तिकीट नसलेलं पाकीट

भोक दिसलं की बुजवायचं, एवढा एकच धर्म रफूवालीला ठाऊक होता.

सगळी पेठ तिला रफूवालीच म्हणायची आणि तिला त्यात कमीपणा वाटत नसे. कोटाला विडीनं पडलेलं छिद्र असो की शालीचा उंदरानं घेतलेला घास, ती त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून दोरे काढायची, उभे ताणायची, आडवे विणायची. मग गिऱ्हाईक कापड उलटंसुलटं करून, उजेडात धरून, शेवटी तिलाच विचारायचं, "कुठं होतं हो भोक?" हा प्रश्न ऐकला की तिला पोटभर जेवल्यासारखं वाटायचं.

तिच्या घरात आणखी एक नाजूक कामाचं माणूस होतं, अक्का. अक्का म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, करायचं राहून गेलं असंही कधी म्हणाली नाही. इंजिनाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तिनं आवक-जावक टपालाचं टेबल सांभाळलं. देशोदेशीची पाकिटं तिच्या हातावरून जायची आणि त्यांतली विमानांची तिकिटं साहेबांना विचारून ती घरी आणायची. फक्त विमानांची, आणि विमानं उडवणाऱ्या माणसांची. फुलं, राजे, पक्षी यांना तिच्या अल्बमात थारा नव्हता. ती स्वतः जन्मात विमानात बसली नव्हती. कुणी तसं हिणवलं की म्हणायची, "माशांचा अभ्यास करायला मासा व्हावं लागतं का?"

घरात चांगला उजेड असलेली खिडकी एकच. तिच्याखाली अक्काचं टेबल होतं. रफूवाली लग्न होऊन आली, घरी कामं घेऊ लागली आणि मिणमिणत्या दिव्याखाली काळ्या कापडावर काळा दोरा घालताना तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एका सकाळी उठून बघते तर अक्कानं आपले अल्बम, भिंग, चिमटे उचलून आतल्या बोळात नेले होते आणि खिडकीखालचं टेबल रिकामं, पुसून ठेवलं होतं. बोलणं काही झालं नाही. त्या उजेडावर रफूवालीचं सगळं नाव उभं राहिलं होतं आणि ही गोष्ट ती एक दिवसही विसरली नव्हती.

मागल्या थंडीत अक्काला झटका आला. जीव वाचला, बोलणंही वाचलं. "बोलणं थोडं गेलं असतं तरी चाललं असतं," असं बाळ्या म्हणाला आणि त्यानं दोघींच्या शिव्या खाल्ल्या. बाळ्या म्हणजे रफूवालीचा नवरा. शाळेची गाडी चालवायचा, डोक्यावर केस उरले नव्हते, तरी बहिणीसाठी तो बाळ्याच. पण अक्काचा उजवा हात गेला. मांडीवर ठेवला की दुसऱ्या कुणाचा विसरलेला असावा तसा पडून राहायचा. डावा हात होता, पण तो थरथरायचा. अक्कानं अल्बमांवर चादर टाकली आणि ती भिंतीकडे तोंड करून झोपायला लागली.

अशात तिकीट-संग्राहक मंडळाचे चिटणीस घरी आले. वार्षिक प्रदर्शन भरत होतं. "अक्का, दरवर्षी पुढच्या वर्षी म्हणता. यंदा तुमची विमानं पाहिजेत म्हणजे पाहिजेतच. आणि ते पाण्यातलं पाकीट तर हवंच. परीक्षक नुसतं तेवढ्यासाठी येतील."

"आता सगळी विमानं जमिनीवरच," अक्का म्हणाली. "चिमटा धरता येत नाही मला."

चिटणीस चहा पिऊन गेले. रफूवाली कप उचलता उचलता म्हणाली, "हात माझे घ्या ना."

"तुझे हात कापडाचे, सुईबाई." अक्का तिला सुईबाई म्हणायची. "कापड चुकलं तर उसवता येतं. इथं कागद असतो. कागदाला माफी नसते."

"मग शिकवा."

अक्कानं तिच्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "आधी पंखा बंद कर."

असं ते शिक्षण सुरू झालं. तिकिटाला बोट लावायचं नाही, बोटाला तेल असतं. तिकिटावर वाकून बोलायचं नाही. चिमटा कंगोऱ्यांना लावायचा नाही, एक दात तुटला की तिकीट बोळकं. जुन्या पाकिटाच्या तुकड्यावरून तिकीट काढायचं तर कोमट पाण्यात सोडून द्यायचं आणि गप्प बसायचं. ओढायचं नाही, सुटेल तेव्हा ते आपण होऊन सुटतं. रफूवाली सुरुवातीला चुकली, मग चुकेना. अक्का खुर्चीत उशीला टेकून हुकूम सोडायची आणि खिडकीखालच्या टेबलावर, कोटांचा आणि शालींचा ढीग बाजूला सारून, पानं लागत जायची.

उडणाऱ्या माणसांना अक्कानं आपली नावं ठेवली होती. पहिलं इंजिनाचं विमान उडवणारे दोघे भाऊ म्हणजे 'सायकलवाले'. पाय भाजलेला असताना कुबड्या घेऊन आला आणि समुद्राची खाडी ओलांडून गेला, तो 'कुबड्यावाला'. केशकर्तनालयात लोकांची नखं कापत बसणारी एक बाई. तिला आपल्या देशात कुणी विमान शिकवेना, तर तिनं परकी भाषा शिकून घेतली आणि परदेशी जाऊन विमान शिकली. ती 'नखंवाली'. आणि वकिलाच्या कचेरीत टंकलेखन करता करता एकटीच अर्ध्या जगावरून उडत गेली ती 'टायपिस्टबाई'.

"नखंवालीला जरा वर घे," अक्का म्हणायची. "बिचारी खाली बसल्यासारखी वाटते."

"कुबड्यावाल्याशेजारी बसवू?"

"नको. दोघं तापट. भांडतील."

दारातून बाळ्या विचारायचा, "यांच्यात शाळेची गाडी चालवणारा कुणी नाही का?"

"त्याचं तिकीट निघायला आधी ती गाडी उडायला पाहिजे," अक्का म्हणायची. भिंतीकडे तोंड करून झोपणं मात्र सुटलं होतं. रफूवालीला तेवढ्यावर सगळं भरून पावल्यासारखं वाटायचं. खिडकीच्या उजेडाचं काहीतरी आपण परत करतोय, असं तिच्या मनात येऊन जायचं.

गडबड झाली ती याच भरात.

एका सकाळी बाळ्या अक्काला हाताच्या व्यायामासाठी दवाखान्यात घेऊन गेला. जाताना अक्का सांगून गेली, "शेवटच्या पानावर ते पाकीट. मधोमध. नुसते कागदी कोपरे लाव, दुसरं काही नको. मजकूर आपण सगळ्यात शेवटी लिहू."

रफूवालीनं बटरपेपरच्या घडीतून पाकीट काढलं आणि तिला वाईटच वाटलं. एवढ्या चांगल्या संग्रहाच्या शेवटच्या पानावर हे असं? कागदाला पाण्याचे डाग. पत्ता फिकटलेला. मध्ये कुठल्याशा परक्या भाषेतला जांभळा रबरी शिक्का. आणि वरच्या कोपऱ्यात, जिथं तिकीट असायचं, तिथं नुसता एक फिकट चौकोन. तिकीट पडून गेलेलं. टपालाचा काळा गोल शिक्का अर्धाच. बाकीचा अर्धा तिकिटाबरोबर गेलेला. भोक नव्हतं, पण भोकासारखंच की ते! लोक येणार, परीक्षक येणार, आणि त्यांना हे उघडं पडलेलं दिसणार. चिटणिसांनी या पाकिटाचं नाव घेतलं होतं ते तिला आठवलं, आणि मग तर तिला वाटलं, हे असं पाठवणं म्हणजे फाटका कोट घालून माणसाला लग्नाला पाठवणं.

जादा तिकिटांचा डबा शेजारीच होता. त्याच देशाचं तिकीट तिनं शिक्क्यातली अक्षरं जुळवून शोधून काढलं. त्यावर विमानही होतं, चांगलं टोकदार, चकचकीत. अस्तर चिकटवायला ती मैद्याची खळ करायची, ती वाटीत होतीच. तिकीट फिकट चौकोनावर अगदी नेमकं बसलं. मग तिला तो अर्धा गोल बघवेना. बारीक टाकानं, श्वास रोखून, काळ्या शाईनं तिनं तिकिटावरून गोल पुरा केला. पाकिटावरची जुनी रेघ कुठं संपते आणि तिची कुठं सुरू होते, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. पाकीट पानावर मधोमध लावून तिनं वर बटरपेपर टाकला आणि मनात म्हणाली, बघू आता कोण विचारतं, कुठं होतं हो भोक.

अक्काला काही सांगितलं नाही. तिला चकितच करायचं होतं.

मजकूर लिहायचा दिवस आला. रफूवालीचं अक्षर टाक्यासारखं, एकसारखं. अक्का डोळे मिटून सांगायची, ती लिहायची. सायकलवाले झाले, नखंवाली झाली, टायपिस्टबाई झाली. शेवटचं पान आलं.

"लिही," अक्का डोळे मिटूनच म्हणाली. "टपालाचं विमान तळ्यात कोसळलं, त्यातून वाचलेलं पाकीट. खाली लिही, पाकिटावर तिकीट नाही."

टाक थांबला.

"लिहिलंस?"

"नाही म्हणजे... कसं नाही?"

"नाही म्हणजे नाही. पाण्यात गोंद सुटला, तिकीट गेलं तळाशी. तिथं फिकट चौकोन आहे बघ, आणि शिक्क्याची अर्धी गोलाई. अर्धी राहिली, अर्धी तिकिटाबरोबर बुडाली. अगं, माझ्या सगळ्या संग्रहात ती रिकामी जागा मला सगळ्यात आवडते."

रफूवालीनं टाक खाली ठेवला. अक्का आपल्या तंद्रीत बोलतच होती.

"विमान पाण्यात पडलं. उडवणारा पोहत काठाला लागला, त्याचं कौतुक झालं असेल. पण पत्रांना कुठं पोहता येतं? कुणीतरी होडी काढून ती थैली वर ओढली. कुठल्यातरी टपालघरात कुणीतरी एकेक ओलं पाकीट सोडवलं, वाळत घातलं, त्यावर तो जांभळा शिक्का मारला, की बाबांनो, हे विमान-अपघातातून आलंय, आमच्या हातून असं झालेलं नाही. आणि पुढं पाठवून दिलं. उडणाऱ्यांची तिकिटं निघतात, सुईबाई. वाळवणाऱ्याचं तिकीट कुठल्या देशानं काढलंय? ती रिकामी जागा आहे ना, ती माझ्या हिशेबी त्याचं तिकीट."

"दूध उतू जातंय वाटतं," रफूवाली म्हणाली आणि स्वयंपाकघरात आली. दूध सकाळीच तापवून झालं होतं.

बाळ्या ओट्याशी चहा गाळत होता. तिनं सगळं एका दमात सांगितलं. त्यानं गाळणं खाली ठेवलं. "करायला गेलीस गणपती आणि झाला मारुती."

"थट्टा करू नका हो."

"बरं, नाही करत. असं कर, ते पानच पाठवू नको. नेताना वाटेत भिजलं, असं अक्काला सांगू. प्रदर्शन होऊन जाऊ दे, मग सावकाश सांग. झाकली मूठ. आत्ता सांगितलंस तर ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपेल, सांगून ठेवतो."

तीच तर भीती होती. इतक्या महिन्यांनी उठून बसलेलं माणूस आपल्या हातानं परत पाडायचं? रफूवाली ओट्याला टेकून उभी राहिली. बाळ्याचं बोलणं वाईट नव्हतं. पण गिऱ्हाइकाच्या कापडाला तिच्या हातून कधी कात्री लागली, तर ती पहिल्यांदा ते सांगायची, मग दुरुस्त करायची. घरच्याच माणसाला कसं चुकवायचं?

ती परत गेली. अक्कानं डोळे उघडले होते.

"अक्का, त्या पाकिटावर तिकीट आहे."

"कुठलं तिकीट?"

"मी लावलं."

अक्का उशी सोडून सरळ बसली.

"आणि तो गोल... तोही पुरा केला. शाईनं. मला वाटलं, पडून गेलंय, वाईट दिसतं..."

"शिक्का काढलास?" अक्काचा आवाज इतका बारीक झाला की रफूवालीला तो ओळखू येईना. "हातानं? याला आमच्यात काय म्हणतात ठाऊक आहे? बनावट. असलं करणाऱ्याला मंडळात उभं करत नाहीत. परीक्षक भिंग लावून बघणार, आणि म्हणणार, जन्मभर खरेपणानं जमवलं आणि म्हातारीनं शेवटी हा उद्योग केला. माझं नाव गेलं असतं गं. आण इकडं. भिंग दे."

रफूवालीनं पान तिच्या मांडीवर ठेवलं, भिंग डाव्या हातात दिलं. भिंग थरथरत पाकिटावरून फिरलं आणि तिकिटावर थांबलं. अक्का वाकली, आणखी वाकली. मग तिचे खांदे हलायला लागले. मान खाली, तोंडातून शब्द नाही, नुसते खांदे.

"अहो!" रफूवाली ओरडली. "लवकर या, अक्काला परत काहीतरी होतंय!"

बाळ्या हातात गाळणं घेऊनच धावत आला. अक्कानं मान वर केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. आजारपणानंतर तोंडाचा एक कोपरा खाली आला होता, तोही वर जायला बघत होता.

"जेट!" अक्का म्हणाली. "बाळ्या, हिनं जेट लावलंय रे! हे पाकीट पाण्यात पडलं तेव्हा या जेटचा बापसुद्धा जन्माला आला नव्हता. परीक्षकाला भिंग काढायची गरज नव्हती. दारातूनच हसला असता."

बाळ्याला विनोद कळला नाही, पण बहीण हसते म्हणून तोही हसला. रफूवाली तेवढी रडत होती. काय करावं न सुचून ती टेबलाची कड घट्ट धरून उभी होती.

हसू ओसरल्यावर अक्कानं डोळे पुसले. "कशानं चिकटवलंस?"

"खळीनं. मैद्याच्या."

"देव पावला! बाटलीतल्या गोंदानं चिकटवलं असतंस तर संपलंच होतं. खळ पाण्यानं सुटते."

"मग पाण्यात सोडू? तुम्ही शिकवलं तसं?"

"पाण्याला पाकीट भीत नाही, ते एकदा तळं बघून आलंय. पत्त्याची शाई तेव्हा जेवढी जायची तेवढी गेली. पण हा जांभळा शिक्का बघ. तो पाण्यातून बाहेर काढल्यावर मारलाय. त्यानं पाणी कधी पाहिलेलंच नाही. ही शाई पाण्याचा थेंब लागला की पसरते. शिक्का गेला तर हे पाकीट अपघातातलं, असं म्हणायला पुरावाच नाही. नुसता डागाळलेला कागद."

जांभळा शिक्का तिकिटाच्या खाली, जेमतेम बोटभर अंतरावर होता. रफूवालीनं भिंग घेतलं. पहिल्यांदाच ती त्या कागदाकडे कापडासारखं बघू लागली. रेशमी साडीवर पाण्याचा ठिपका पडला की ओल पसरत जाते आणि कडेला वलय उमटतं, तिला माहीत होतं. ते उमटू नये म्हणून भोवती कोरडी मलमल दाबून धरायची असते, म्हणजे ओल पुढं सरकायच्या आत मलमल ती पिऊन टाकते.

"अक्का, ओल तिकिटापुरतीच ठेवता येईल. पण दाबून धरायला आणखी एक हात लागेल."

"बाळ्याचा घे."

"त्यांचा नको. ते शिंकतात."

"माझा थरथरतो गं."

"दाबून धरायला हात स्थिर लागत नाही, जड लागतो. तुमचा चालेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी, टेबलावर भरपूर ऊन असताना, त्या बसल्या. पंखा बंद. बटणापाशी बाळ्याला उभं केलं होतं, कारण घरात शिरणाऱ्या प्रत्येकाचा हात आधी पंख्याकडे जातो. तो म्हणाला, "बाहेरून तर मीच येतो, मी तर इथंच उभा आहे." त्याला गप्प राहायला सांगण्यात आलं.

पाकिटाखाली कोरडा टिपकागद. जांभळ्या शिक्क्यावर मलमलीची घडी, आणि तिच्यावर अक्काचा डावा तळवा. तिकिटापेक्षा किंचित लहान कापलेला ओला टिपकागद रफूवालीनं चिमट्यानं तिकिटावर ठेवला. मग थांबायचं. सुईच्या टोकावरून एक थेंब. पुन्हा थांबायचं. जेटचं टोकदार नाक हळूहळू कागदातून गडद दिसायला लागलं.

रफूवालीनं बोथट सुई उचलली आणि तिच्या लक्षात आलं, आपला हात कापतोय. मखमल झाली, जरीचे काठ झाले, नवरीचा शालू लग्नाच्या सकाळी झाला, हात कधी कापला नव्हता.

"अक्का, मला जमणार नाही."

"माझ्या तळव्याखाली बघ काय चाललंय," अक्का म्हणाली. "भूकंप. तरी मी उठलेय का?"

"हसवू नका, प्लीज."

"मग सुई चालव. ओढू नकोस. सुटेल तेव्हा सुटेल."

एक कोपरा सुटला. सुईची पाठ आत सरकवायची, थांबायचं, ओल टिपायची, पुन्हा सरकवायची. उसवण्यासारखंच होतं ते, फक्त दोरा दिसत नव्हता. निम्मं तिकीट वर आलं. मग उरलेलं एकदम, सायीसारखं, सुटून सुईवर आलं. तिनं काढलेली काळी रेघ त्याच्याबरोबर निघून गेली आणि खाली तो फिकट चौकोन आणि अर्धा गोल, जसेच्या तसे.

"झालं!" बाळ्या बटणापासून ओरडला.

अक्कानं मलमल उचलली. घडीच्या कडेला जांभळा ठिपका होता. शिक्क्यातल्या शेवटच्या अक्षराचा पाय पसरला होता, पावसात उभं राहिल्यासारखा. बाकी शिक्का कोरडा, ठणठणीत.

रफूवालीनं तो पाय बघितला आणि सुई खाली ठेवली. "लागलंच शेवटी."

"एका अक्षराचा एक पाय," अक्का म्हणाली. "माझी तर एक आख्खी बाजू गेली. चालतंय की अजून."

मग पाकीट टिपकागदांत घालून वर थंड इस्त्री ठेवली आणि रफूवालीच्या तोंडून आतलं बाहेर आलं. "अक्का, मी तुमचे उपकार फेडायला बसले होते हो. तुम्ही हे खिडकीखालचं टेबल रिकामं केलंत, मला उजेड दिलात, म्हणून माझं..."

"कसला उजेड?" अक्का म्हणाली. "खिडकीतल्या उन्हानं माझ्या तिकिटांचे रंग उडत होते, म्हणून मी बोळात गेले. तुझा काय संबंध?"

अक्का खिडकीबाहेर बघत होती. खरं काय नि खोटं काय, ते तीच जाणे. पण एक खरं, की बोळात बसून इतकी वर्षं तिनं स्वतःचे डोळे ताणले होते, आणि नुसते रंगच वाचवायचे असते तर खिडकीला पडदाही लावता आला असता.

"बरं," रफूवाली नाक ओढत म्हणाली. "तुमचे रंग वाचले त्याबद्दल आभार."

"असू दे. आता मजकूर लिही. खरा लिही. पाकिटावर तिकीट नाही. शिक्क्यातल्या शेवटच्या अक्षराचा पाय याच वर्षी, आमच्या घरी ओला झाला."

"असं लिहायचं? गुण जातील ना."

"जाऊ देत. लपवलं तर नाव जाईल."

उरलं पहिलं पान. त्यावर संग्रहाचं नाव, आणि खाली आभाराची एक ओळ, अशी मंडळाची रीत. अक्का सांगायला लागली, "लिही, आभार, माझ्या भावजयीचे..."

"ते मी माझ्या हातानं कसं लिहू? लोक म्हणतील, स्वतःची आरती स्वतःच ओवाळली."

"अक्षर तुझं आहे हे लोकांना काय ठाऊक?"

"मला ठाऊक आहे ना. मी नाही लिहीत. यांना सांगा."

"बाळ्याचं अक्षर? त्यापेक्षा पान कोरं पाठवू." अक्कानं पहिलं पान जवळ ओढलं. मग म्हणाली, "टाक दे इकडं. नाही, टाक नको. जाड पेन्सिल दे."

डाव्या हातानं तिनं कधी काही लिहिलं नव्हतं. दवाखान्यातली बाई रोज सांगायची, डाव्या हाताला सवय लावा, आणि अक्का रोज तिला म्हणायची, बघू. रफूवालीनं कागद दाबून धरला. पेन्सिल सरकली, अडली, वाकडी गेली. अक्षरं कुणी जिना उतरावं तशी खाली उतरत गेली. 'आभार' लिहून होईपर्यंत अक्काच्या कपाळावर घाम आला. बाळ्यानं सवयीनं पंख्याच्या बटणाकडे हात नेला आणि दोघी एकदम ओरडल्या, "नको!"

दुपार गेली, पण ओळ झाली. ती खोडायची नाही, गिरवायची नाही, असं अक्कानं बजावून ठेवलं.

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृहात चौकटींच्या रांगा होत्या. फुलपाखरं, पूल, रेल्वे आणि एका भिंतीवर अक्काची विमानं. परीक्षक आले, शेवटच्या पानापाशी वाकले, मजकूर वाचला आणि मागं वळून म्हणाले, "बाई, हे ओलं कसं झालं?" अक्कानं खुर्चीत बसल्या बसल्या सगळं सांगितलं, जेटसकट. परीक्षक इतके हसले की चिटणीस धावत आले. तरी गुण त्यांनी कापायचे ते कापलेच, पसरलेल्या पायाचे आणि पेन्सिलीच्या अक्षराचेही. पहिलं बक्षीस पुलांना गेलं. अक्काला तिसरं मिळालं. "पुलांपुढं विमानं कशी उतरणार," ती म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटलेलं दिसत नव्हतं.

दुपारी गर्दी वाढली. काठी टेकत एक गृहस्थ आले आणि पहिल्या पानापाशीच अडले. वाकडी अक्षरं लागेनात म्हणून ते मोठ्यानं वाचू लागले.

"आभार. हे पाकीट... पहिल्यांदा ज्यांनी वाळवलं... त्या अनोळखी हातांचे. आणि दुसऱ्यांदा ज्यांनी वाळवलं... त्या माझ्या भावजयीच्या हातांचे." ते थांबले, पुन्हा एकदा मनात वाचलं आणि वळून विचारलं, "या भावजय कोण?"

अक्कानं डावा हात उचलून दाखवलं.

गृहस्थांनी रफूवालीला हात जोडले. मग तिनं बाहीचं टोक ओढून चौकटीची काच पुसायला सुरुवात केली. काच स्वच्छच होती.